लाकडात रोवलेल्या पोलादाचा भरवसा

जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतात, ऑस्ट्रियाच्या सीमेलगत, बाड रायखेनहाल नावाचे एक लहानसे शहर आहे. २ जानेवारी २००६ रोजी दुपारी तेथील स्केटिंगच्या क्रीडागृहाचे लाकडी छप्पर कोसळले आणि १५ जण मृत्युमुखी पडले. त्यांत बहुतांश मुले होती. छपरावर बर्फ साचला होता हे खरे. परंतु बर्फ हे केवळ निमित्त ठरले. १९७० च्या दशकाच्या आरंभी उभारलेल्या त्या सभागृहाच्या लाकडी तुळया ज्या युरिया-फॉर्माल्डिहाइड गोंदाने सांधलेल्या होत्या, तो गोंद दीर्घकाळ ओलावा सोसणारा नव्हता. बर्फाच्या क्रीडागृहातील हवा तर सदैव दमट. आरेखनातील आणि तपासणीतील इतर त्रुटीही नंतरच्या चौकशीत पुढे आल्या. पण तीसेक वर्षांत गोंदाने हळूहळू सोडलेली पकड हे त्या दुर्घटनेचे एक प्रमुख कारण होते. बाहेरून धडधाकट दिसणारे छप्पर आतून केव्हाच सुटत चालले होते.

या घटनेने एक जुना प्रश्न नव्याने ऐरणीवर आणला. माणसांच्या डोक्यावरचा भार गोंदाच्या भरवशावर सोडावा काय? आणि सोडायचाच, तर कोणत्या अटींवर? या प्रश्नाचे महत्त्व आज वाढले आहे. कारण लाकूड पुन्हा एकदा मोठ्या बांधकामांत परतले आहे. नॉर्वेतील ब्रुमुंदाल येथे २०१९ मध्ये पूर्ण झालेली मियोस्टॉर्नेट ही १८ मजली इमारत ८५ मीटरहून उंच आहे आणि तिचा सांगाडा लाकडाचा आहे. लाकडाच्या पातळ फळ्या एकावर एक चिकटवून केलेल्या ‘ग्लुलॅम’ तुळया आता क्रीडागृहे, पूल आणि शाळांच्या छपरांत सर्रास दिसतात. या तुळया एकमेकींना, खांबांना आणि पायाला जोडण्याच्या ज्या अनेक पद्धती आहेत, त्यांतील सर्वांत देखणी आणि तितकीच सावधगिरी मागणारी पद्धत म्हणजे लाकडात भोक पाडून त्यात पोलादी सळई गोंदाने कायमची बसविणे.

जोड हीच खरी कसोटी

लाकूडकामाचा अनुभव असलेल्या कोणालाही ठाऊक असते, की तुळई क्वचितच मधोमध मोडते. बहुधा सांधा दगा देतो. दाब एका लाकडाकडून दुसऱ्याकडे पोहोचविणे सोपे असते. दोन टोके एकमेकांवर नीट टेकली की काम भागते. ताण पोहोचविणे मात्र कठीण. दोन लाकडे परस्परांपासून ओढली जात असताना त्यांना धरून ठेवायचे कसे? जुन्या सुतारांनी यासाठी कुसू आणि खाच, लाकडी खुंट्या, लोखंडी पट्ट्या अशी साधने वापरली. पुढे खिळे आणि बोल्ट आले. मोठ्या बांधकामांत आज लाकडाला चीर पाडून तीत पोलादी पत्रा बसवितात आणि आरपार खुंट्या ठोकतात. या सर्व पद्धतींत लाकूड थोडेफार कापावे लागते, खुंटीभोवती ते चेपले जाते आणि जोड किंचित ढिला राहतो.

चिकटवलेल्या सळईची कल्पना यापेक्षा वेगळी आहे. तुळईच्या टोकातून, तंतूंच्या दिशेने, सळईपेक्षा काही मिलीमीटर रुंद असे खोल भोक पाडायचे. त्यात आटे पाडलेली सळई बसवायची आणि सळईभोवतीची एक ते दोन मिलीमीटरची पोकळी इपॉक्सी किंवा पॉलियुरेथेन गोंदाने भरून काढायची. गोंद आट्यांत आणि भोकाच्या भिंतीत घट्ट बसतो. सळईवर येणारा ओढ मग तिच्या संपूर्ण लांबीवरून गोंदाद्वारे लाकडाच्या तंतूंत उतरतो. बाहेरून काहीच दिसत नाही. जोड ताठ राहतो आणि पोलाद लाकडाच्या आत असल्यामुळे हवेपासून व काही काळ आगीपासूनही सुरक्षित राहते.

या पद्धतीचा पद्धतशीर अभ्यास विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत स्कँडिनेव्हियन देशांत झाला. न्यूझीलंडमध्ये भूकंपाच्या दृष्टीने कँटरबरी विद्यापीठातील संशोधकांनी इपॉक्सीने बसविलेल्या सळयांच्या जोडांवर प्रयोग केले. अमेरिकेत ‘नासा’च्या पवनऊर्जा कार्यक्रमासाठी तयार झालेल्या लाकूड-इपॉक्सीच्या पात्यांची मुळे पोलादी खुंट्या चिकटवूनच चक्राला जोडलेली होती. अहोरात्र फिरणाऱ्या आणि प्रत्येक फेऱ्यात उलटसुलट ताण सोसणाऱ्या पात्यांना असा जोड चालू शकतो, ही गोष्ट अभियंत्यांना धीर देणारी होती.

लांबी दुप्पट, ताकद दीडपट

सळई किती भार सोसेल, हे काढण्याची रीत वरकरणी सोपी आहे. सळईचा परीघ, तिची लाकडातील लांबी आणि चिकटलेल्या पृष्ठभागाचे प्रति चौरस मिलीमीटर सामर्थ्य यांचा गुणाकार केला की झाले. खरी मेख आहे ती तिसऱ्या संख्येत. सळई जितकी लांब, तितके हे सरासरी सामर्थ्य कमी होत जाते. जर्मन मानकात त्यासाठी ठरवून दिलेले आकडे बोलके आहेत. सळई लाकडात २५० मिलीमीटरपर्यंत रोवलेली असेल तर प्रति चौरस मिलीमीटर ४ न्यूटन धरावेत. ५०० मिलीमीटरला हा आकडा २.७५ वर येतो आणि एक मीटरला अवघ्या २ वर.

१६ मिलीमीटर व्यासाची सळई उदाहरणादाखल घेऊ. २५० मिलीमीटर लांबीला तिचे सामर्थ्य सुमारे ५० किलोन्यूटन, म्हणजे साधारण पाच टन भरते. लांबी दुप्पट केली तर ते दहा टन व्हावे, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात ते ६९ किलोन्यूटन होते, म्हणजे सात टनांच्या आतबाहेर. लांबी चौपट, एक मीटर केली तरी हाती लागतात १०० किलोन्यूटन. चौपट खर्चाला दुप्पट फळ.

असे का व्हावे? गर्दीतील रस्सीखेचीची कल्पना केली तर उलगडा होतो. दोर ओढू लागताच पहिला जोर दोराच्या तोंडाशी उभ्या असलेल्यांवर येतो. मागच्यांपर्यंत तो पोहोचेतो पुढच्यांचे हात सुटू लागतात. सळईच्या बाबतीतही तसेच घडते. पोलाद आणि लाकूड दोन्ही ताणाखाली किंचित लांबतात, पण सारख्या प्रमाणात नव्हे. या फरकामुळे गोंदातील कर्तनप्रतिबल, म्हणजे एका थराला दुसऱ्यावरून सरकवू पाहणारा जोर, दोन टोकांशी एकवटतो आणि मधला भाग तुलनेने निवांत राहतो. टोकाशी मर्यादा ओलांडली गेली की तडा आत धावत जातो. सबब लांबी वाढविल्याने निवांत भाग वाढतो. झगडणारा भाग फारसा वाढत नाही.

शिवाय वरील आकडे प्रयोगशाळेतून आलेली वैशिष्ट्यपूर्ण मूल्ये आहेत. लाकूड दीर्घकाळच्या भाराखाली कमजोर होते. म्हणून कायमस्वरूपी भारासाठी त्यांना ०.६ ने गुणावे लागते आणि वर १.३ चा सुरक्षा-भाजक लावावा लागतो. ५० किलोन्यूटनचे मग २३ उरतात. अभियंत्याने भरवसा ठेवायचा तो या २३ वर.

बळकट सळई, धोकादायक जोड

सर्वसामान्य समजुतीला धक्का देणारी बाब पुढेच आहे. जोड मजबूत करायचा तर अधिक बळकट पोलाद वापरावे, असे मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु येथे ते घातक ठरू शकते.

चिकटवलेली सळई निकामी होण्याचे मार्ग अनेक आहेत. पोलाद ताणले जाऊन लांबते आणि शेवटी तुटते, हा पहिला. भोकालगतचे लाकूड सळईसकट सोलून निघते, हा दुसरा. गोंदच फाटतो किंवा पोलादावरून सुटतो, हा तिसरा. सळई कडेच्या फार जवळ असेल तर लाकूड उभे चिरते, हा चौथा. अनेक सळया दाटीवाटीने बसविल्या असतील तर त्यांच्यासह लाकडाचा ठोकळाच्या ठोकळा उपटून येतो किंवा सळया संपतात तेथे तुळई आडवी तुटते, हा पाचवा. या पाचांपैकी केवळ पहिलाच मार्ग सौजन्याचा आहे. पोलाद तुटण्यापूर्वी लांबते, जोड उघडू लागतो, छप्पर झुकते आणि माणसांना बाहेर पडण्यास अवधी मिळतो. बाकीचे चारही प्रकार ठिसूळ आहेत. ते सूचना न देता घडतात.

पुन्हा तीच १६ मिलीमीटरची सळई घेऊ. उच्च प्रतीच्या, ८.८ श्रेणीच्या पोलादाची असेल तर ती सुमारे १२५ किलोन्यूटनला तुटते. २५० मिलीमीटर लांबीच्या चिकटवणुकीचे सामर्थ्य ५० किलोन्यूटन. म्हणजे पोलादाला जागही येण्यापूर्वी लाकूड किंवा गोंद सुटणार, आणि तोही अचानक. याउलट ४.६ श्रेणीच्या साध्या पोलादाची सळई ३८ किलोन्यूटनला लांबू लागते आणि ६३ च्या सुमारास तुटते. तिला ५०० मिलीमीटर खोल रोवले, तर चिकटवणुकीचे ६९ किलोन्यूटन पोलादाच्या तुटण्याच्या भारापेक्षा जास्त भरतात. आता साखळीतील सर्वांत कच्चा दुवा पोलाद आहे, आणि तो मुद्दाम तसा ठेवलेला आहे. कागदावर दुबळी दिसणारी सळई प्रत्यक्षात जोडाची राखणदार ठरते. अर्थात बाजारात मिळणारे पोलाद कागदावरील श्रेणीपेक्षा पुष्कळदा अधिक बळकट निघते. म्हणून दोन सामर्थ्यांमधील अंतर पुरेसे ठेवावे लागते. भूकंपप्रवण प्रदेशात तर या तत्त्वाला पर्याय नाही.

कडेपासूनच्या अंतराचा नियमही याच विचारातून आला आहे. तंतूंना समांतर बसविलेल्या सळईच्या मध्यापासून लाकडाची कड निदान अडीच व्यास दूर हवी आणि दोन सळयांत पाच व्यासांचे अंतर हवे. १६ मिलीमीटरच्या सळईसाठी हे अंतर अनुक्रमे ४० आणि ८० मिलीमीटर होते. लाकूड तंतूंच्या दिशेने जेवढे बळकट, तेवढेच तंतूंना आडवे ओढले असता दुबळे. नेहमीच्या ग्लुलॅमचे तंतूंच्या दिशेचे तन्य सामर्थ्य प्रति चौरस मिलीमीटर १९ न्यूटनांच्या आसपास असते. आडव्या दिशेला ते अर्ध्या न्यूटनावर येते. चाळीस पटींची ही तफावत ज्याने दुर्लक्षिली, त्याची तुळई सळयांच्या रेषेत चिरलीच म्हणून समजावे.

काळ नावाचा भार

गोंदाच्या बाबतीत आणखी एक शत्रू असतो. तो म्हणजे काळ. १० जुलै २००६ रोजी, बाड रायखेनहालच्या दुर्घटनेनंतर अवघ्या सहा महिन्यांनी, अमेरिकेतील बोस्टन शहराच्या भुयारी महामार्गात छताला टांगलेले काँक्रीटचे फलक कोसळले. वीस टनांहून अधिक वजन एका मोटारीवर पडले आणि तीतील एका महिलेचा मृत्यू झाला. हे फलक ज्या पोलादी सळयांना टांगले होते, त्या काँक्रीटच्या छतात भोके पाडून इपॉक्सीने बसविलेल्या होत्या. लाकडाच्या जागी काँक्रीट. बाकी तत्त्व तेच.

अमेरिकेच्या राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाने २००७ मध्ये दिलेला निष्कर्ष धडा घेण्याजोगा आहे. वापरलेला लवकर घट्ट होणारा इपॉक्सी अल्पकालीन भार उत्तम सोसत होता. ओढून पाहण्याच्या चाचण्यांत तो उतरला होता. परंतु अखंड भाराखाली तो अतिशय मंद गतीने सरकत होता. शास्त्रीय परिभाषेत याला विसर्पण म्हणतात. बांधकाम चालू असतानाच, १९९९ मध्ये, काही सळया बाहेर सरकल्याचे दिसले होते. पण त्यामागील कारणाच्या मुळाशी कोणी गेले नाही. काही मिनिटांची चाचणी आणि काही वर्षांचा भार यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे एका जिवाचे मोल देऊन सिद्ध झाले.

उष्णता विसर्पणाला मदत करते. साध्या तापमानाला घट्ट होणारे अनेक इपॉक्सी पन्नास-साठ अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागतात. पत्र्याच्या छपराखालील पोकळीत उन्हाळ्यात तापमान किती चढते, याचा अनुभव घेतलेल्यांना या आकड्याचे गांभीर्य सांगावे लागणार नाही. आगीतही हाच मुद्दा कळीचा असतो. जळणारे लाकूड मिनिटाला साधारण ०.७ मिलीमीटर या गतीने कोळसा होत आत जाते. म्हणजे अर्ध्या तासात २१ मिलीमीटर. सळई त्याहून खोल असली तरी तेवढ्याने भागत नाही. गोंद मऊ पडण्याच्या तापमानाला पोहोचणार नाही इतके लाकूड तिच्यावर शिल्लक राहिले पाहिजे.

ओलाव्याचे गणित निराळे आहे. लाकूड ओलावा घेते-सोडते तसे तंतूंच्या आडव्या दिशेला फुगते आणि आकसते. लांबीच्या दिशेला जवळजवळ नाहीच. ४०० मिलीमीटर उंचीच्या तुळईतील ओलावा पाच टक्क्यांनी घटला तर तिची उंची सुमारे पाच मिलीमीटरने कमी होते. पोलाद मात्र जागचे हलत नाही. तंतूंना आडवी बसविलेली सळई म्हणूनच दुधारी असते. वक्र तुळया किंवा खाच पाडलेली टोके चिरू नयेत यासाठी ती उपयोगी पडते. पण सुकणाऱ्या लाकडाला आकसू न देऊन नव्या भेगांना आमंत्रणही तीच देते.

वाड्यांच्या तुळया

या विषयाचा महाराष्ट्राशी येणारा संबंध नव्या इमारतींपेक्षा जुन्यांमधून येतो. पुणे, नाशिक, सातारा, वाई येथील वाडे सागवानी खांब आणि तुळयांवर उभे आहेत. मुंबईतील कित्येक जुन्या चाळींचे मजलेही लाकडी तुळयांवर तोललेले आहेत. अशा तुळया बहुधा मधोमध शाबूत असतात. कुजते ते भिंतीत गाडलेले टोक. पावसाळ्यात भिंत ओल धरते, टोकाला वारा लागत नाही, बुरशी आणि वाळवी आपले काम करतात. दोन हात टोक गेले म्हणून पंधरा हात उत्तम सागवान काढून टाकावे लागते.

चिकटवलेल्या सळयांनी यावर मार्ग दाखविला आहे. कुजलेला भाग निरोगी लाकूड लागेपर्यंत कापून टाकायचा, उरलेल्या तुळईत भोके पाडून सळया बसवायच्या आणि त्यांवर नव्या लाकडाचे किंवा रेझिनच्या मिश्रणाचे टोक जोडायचे. युरोपात ऐतिहासिक इमारतींच्या तुळया अनेक दशके अशा रीतीने वाचविल्या जात आहेत. मूळ तुळई, तिच्यावरील कोरीव काम आणि वरचा कडीपाट न हलवता दुरुस्ती होते, हा याचा मोठा लाभ.

मात्र परदेशी आकडे उचलून सागाला लावणे योग्य नाही. वर दिलेली मूल्ये युरोपातील स्प्रूससारख्या मऊ लाकडांसाठी आहेत. साग अधिक टणक असला तरी त्याच्यातील नैसर्गिक तेल गोंदाला नीट चिकटू देत नाही. म्हणून भोक ताजे पाडलेले असावे, ते भुशापासून पूर्ण स्वच्छ करावे आणि त्याच जुन्या तुळईच्या तुकड्यावर सळई बसवून, ओढून पाहिल्याखेरीज काम सुरू करू नये. फर्निचरसाठी वापरला जाणारा पांढरा गोंद या कामाला सर्वथा वर्ज्य आहे. अखंड भाराखाली तो सरकतो. आणि सर्वांत आधी, ज्या ओलीने टोक कुजविले ती ओल थांबविली पाहिजे. अन्यथा नव्या सळईला धरून ठेवणारे लाकूडच पुन्हा कुजेल.

न दिसणाऱ्याची तपासणी

एवढे उपयुक्त तंत्र सरसकट का रुळले नाही, याचे उत्तर त्याच्या सौंदर्यातच आहे. जोड दिसत नाही. म्हणून त्यातील दोषही दिसत नाही. बोल्ट ढिला झाला तर पाना लावून कळते. गोंदात हवेचा बुडबुडा राहिला, सळईला तेलाचा हात लागलेला होता, भोकात भुसा उरला, गोंदाच्या दोन घटकांचे प्रमाण चुकले किंवा तो घट्ट होण्यापूर्वी कोणी तुळई हलविली, तर बाहेरून काहीच समजत नाही. म्हणूनच गोंद भोकाच्या तळाकडून भरत आणावा, वरच्या छिद्रातून तो ओसंडेपर्यंत थांबू नये, सळई मधोमध राहील अशी योजना करावी आणि प्रत्येक जोडाची नोंद ठेवावी, असा दंडक आहे. हे काम उघड्या जागेपेक्षा कारखान्यात, ठरावीक तापमानात झालेले बरे.

मानकांचा प्रवासही या अडचणीची साक्ष देतो. १९९८ ते २००२ या काळात ‘गिरॉड’ नावाचा युरोपीय संशोधन प्रकल्प याच जोडांसाठी राबविला गेला. तरीही गणिताच्या सूत्रावर एकमत न झाल्याने २००४ मध्ये आलेल्या ‘युरोकोड ५’ च्या मुख्य भागात त्यांना स्थान मिळाले नाही. जर्मनीने आपल्या राष्ट्रीय मानकात नियम दिले; इतरत्र अभियंते आपापल्या जबाबदारीवर काम करीत राहिले. २०२१ मध्ये या सळयांच्या चाचण्या आणि वर्गवारीसाठी स्वतंत्र युरोपीय मानक प्रसिद्ध झाले आणि ‘युरोकोड ५’ च्या दुसऱ्या पिढीत त्यांच्या आरेखनाचे नियम समाविष्ट झाले. एका जोडाला नियमांच्या पुस्तकात शिरण्यासाठी दोन दशके थांबावे लागले.

हा विलंब अनाठायी म्हणता येणार नाही. बाड रायखेनहालमध्ये गोंद ओलाव्याला जुमानणारा निघाला, बोस्टनमध्ये तो काळापुढे हरला. दोन्हीकडे गोंद पहिल्या दिवशी पुरेसा बळकट होता. प्रश्न पुढच्या वर्षांचा होता. लाकडात सळई रोवणाऱ्याने म्हणूनच तीन गोष्टी आधी विचारल्या पाहिजेत : हा गोंद किती ओलावा, किती उष्णता आणि किती वर्षे सोसेल, जोड तुटलाच तर आधी काय तुटेल, आणि ते तुटताना खाली उभ्या असलेल्या माणसाला कळेल काय. या तिन्हींची उत्तरे समाधानकारक असतील, तर सळई आणि लाकूड यांचा हा संसार पिढ्यान्‌पिढ्या टिकण्यास हरकत नाही.